सोयाबीनमधील ट्रिप्सिन-अवरोधक, ब्रॅडिकायनिन आणि रक्तदाबाची गोळी

पलूस तालुक्यातील एका सोयाबीन उत्पादक वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आईंना रक्तदाबासाठी रामिप्रिल सुरू केल्यापासून कोरडा खोकला लागला आहे. हा खोकला ब्रॅडिकायनिन नावाच्या पेप्टाइडमुळे येतो, असे त्यांना कळले. सोयाबीनमधील ट्रिप्सिन-अवरोधक हा ब्रॅडिकायनिन तयार करणाऱ्या कॅलिक्रेइन या विकराला (एन्झाइमला) रोखतो, असेही त्यांच्या वाचनात आले. त्यावरून त्यांच्या मनात दोन शंका उभ्या राहिल्या. आईंना रोज चमचाभर कच्च्या सोयाबीनचे पीठ दिले, तर खोकला थांबेल का? आणि घरच्या दळणात सोयाबीन असतेच, शिवाय हुलग्याचे माडगेही वरचेवर होते, तर त्यामुळे गोळीचा गुण कमी होत असेल का?

दोन्ही शंकांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. तरीही प्रश्नकर्त्यांनी जे वाचले ते खोटे नाही. सोयाबीनमधील हा अवरोधक कॅलिक्रेइनला खरोखरच रोखतो आणि खोकल्याशी ब्रॅडिकायनिनचा संबंधही आहे. चूक आहे ती या दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना जोडण्यात. मी पूर्वी औषधशास्त्र शिकवत असे आणि आता अनेक वर्षे सांगलीत रुग्ण तपासतो. ‘अमुक बी तमुक विकराला रोखते, मग ते औषधच नव्हे का?’ असा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

ब्रॅडिकायनिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची एक छोटीशी साखळी. ही साखळी रक्तात तयार स्वरूपात फिरत नसते. यकृत किनिनोजेन नावाची मोठी प्रथिने तयार करून रक्तात सोडते आणि त्या प्रथिनांच्या पोटात हा नऊ अमिनो आम्लांचा तुकडा दडलेला असतो. तो कापून बाहेर काढणारी कात्री म्हणजे कॅलिक्रेइन. सुटा झालेला ब्रॅडिकायनिन रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरील बी-२ ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटतो. मग ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडते, भोवतालचा स्नायू सैलावतो आणि वाहिनी रुंदावते. त्याच वेळी केशवाहिन्यांच्या भिंतीतून पाणी झिरपू लागते आणि वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंची टोके चेतवली जातात. म्हणूनच सूज, लाली आणि ठणका या तिन्हींत त्याचा हात असतो.

एवढ्या प्रभावी पदार्थाला शरीर फार वेळ मोकळे सोडत नाही. रक्तात त्याचे अर्धे आयुष्य अर्ध्या मिनिटाच्याही आतले असते, आणि फुप्फुसांतून एकदा रक्त फिरले की त्यातला बहुतेक ब्रॅडिकायनिन तुटून जातो. तो तोडणारी मुख्य कात्री म्हणजे अँजिओटेन्सिन-कन्व्हर्टिंग एन्झाइम. आम्ही डॉक्टर मंडळी तिला एसीई म्हणतो. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल ही औषधे याच एसीईला रोखतात. त्यामुळे रक्तवाहिन्या आवळणारा अँजिओटेन्सिन-२ कमी तयार होतो आणि रक्तवाहिन्या सैलावणारा ब्रॅडिकायनिन अधिक काळ टिकतो.

सारा घोटाळा इथेच होतो. ब्रॅडिकायनिन घडवणारी कात्री वेगळी आणि तो तोडणारी वेगळी. पहिली रोखली तर ब्रॅडिकायनिन घटेल आणि दुसरी रोखली तर तो वाढेल. दोन्हीकडे शब्द ‘अवरोधक’ हाच असला, तरी परिणाम अगदी उलट होतात. त्यामुळे एखाद्या बियाण्यात विकर-अवरोधक सापडला असे वाचले, की तो नेमक्या कोणत्या विकराला रोखतो हे आधी विचारले पाहिजे.

या विषयाचा उगमही असाच कात्र्यांच्या अभ्यासातून झाला आहे. 1949 मध्ये ब्राझीलमध्ये मौरिसियो रोशा ए सिल्वा, विल्सन बेराल्दो आणि गास्ताव रोझेनफेल्ड यांना असे आढळले, की जराराका नावाच्या सापाचे विष रक्तद्रवातील प्रथिनांत मिसळले, तर आतड्याचा तुकडा सावकाश आकुंचन पावेल असा एक नवा पदार्थ सुटा होतो. आपल्याकडच्या घोणसाचे कूळ तेच या सापाचे. विषाऐवजी ट्रिप्सिन, म्हणजे स्वादुपिंडातले साधे पाचक विकर घातले, तरी तोच पदार्थ मिळाला. पुढे 1965 मध्ये सर्जिओ फेरेरा यांनी त्याच सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम लांबवणारा घटक दाखवला. त्या धाग्यावरून संशोधन पुढे सरकत गेले आणि एसीईला रोखणारे कॅप्टोप्रिल 1981 मध्ये अमेरिकेत वापरासाठी मंजूर झाले. आज पलूसच्या औषधांच्या दुकानात मिळणारी रामिप्रिलची गोळी त्याच घराण्यातली आहे.

आता बियाण्यांकडे वळू. बी जमिनीत पडून राहते. त्याला पळता येत नाही, आणि आतला प्रथिनांचा साठा कीड-मुंगीला हवाच असतो. खाणाऱ्याच्या पोटातल्या पाचक विकरांना बांधून ठेवणारी प्रथिने ही बियांची एक संरक्षणाची तजवीज आहे. सोयाबीनमध्ये अशी दोन मुख्य प्रथिने आहेत. पहिले, मोझेस कुनिट्झ यांनी 1945 मध्ये स्फटिकरूपात मिळवलेले, 181 अमिनो आम्लांचे. दुसरे बोमन-बर्क अवरोधक, 71 अमिनो आम्लांचे आणि सात गंधकी बंधांनी घट्ट शिवलेले. त्या बंधांमुळे ते उष्णतेला आणि आम्लालाही सहजी दाद देत नाही. हुलग्यातील अवरोधक या दुसऱ्या घराण्यातले आहेत. कुनिट्झ अवरोधक ट्रिप्सिनच्या कापणाऱ्या फटीत अचूक बसतो आणि तिथून सहजासहजी सुटत नाही. विकराच्या एका रेणूला अवरोधकाचा एक रेणू, असा त्यांचा हिशेब असतो.

कॅलिक्रेइन ट्रिप्सिनच्याच विस्तारित कुटुंबातले असल्यामुळे सोयाबीनचा हा अवरोधक त्यालाही पकडेल, अशी अपेक्षा होती. ती निम्मीच खरी ठरली, आणि ही गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत मोलाची वाटते. कॅलिक्रेइन दोन प्रकारचे असते. एक रक्तद्रवातले, जे यकृतात तयार होते आणि रक्त काचेसारख्या परक्या पृष्ठभागाला लागले की घटक-१२ या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या मदतीने जागे होते. दुसरे मूत्रपिंड, लाळग्रंथी आणि स्वादुपिंड यांतले, ज्याला ऊतींचे कॅलिक्रेइन म्हणतात. ते बहुतांशी दहा अमिनो आम्लांचा कॅलिडिन तयार करते आणि मग त्याचे टोक छाटले जाऊन ब्रॅडिकायनिन होतो. सोयाबीनचा कुनिट्झ अवरोधक रक्तद्रवातल्या कॅलिक्रेइनला रोखतो, ऊतींच्या कॅलिक्रेइनला रोखत नाही. काम सारखे असूनही दोघांची घडण इतकी वेगळी आहे, की एकाच्या फटीत जे बसते ते दुसऱ्याच्या फटीत बसत नाही.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी पाहता येते. कोमट, 37 अंशांच्या टायरोड नावाच्या क्षार-द्रावणात गिनीपिगच्या आतड्याचा छोटा तुकडा दोऱ्याने ताणून ठेवायचा आणि खालून प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे. काजळी धरलेल्या कागदाचा ड्रम सावकाश फिरत असतो आणि तुकडा आखडला की तरफेचे टोक त्यावर पांढरी रेघ ओढते. ॲसिटिलकोलीन घातले की रेघ ताडकन वर जाते. ब्रॅडिकायनिन घातला तर क्षणभर काहीच होत नाही आणि मग रेघ आळसावल्यासारखी चढत जाते. आता वेगळ्या परीक्षानळ्यांत किनिनोजेन घेऊन एकीत रक्तद्रवातले कॅलिक्रेइन आणि दुसरीत लाळग्रंथीतले कॅलिक्रेइन मिसळा, आणि दोन्हींत सोयाबीनचा अवरोधक आधीच घालून ठेवा. पहिल्या नळीतला द्रव आतड्यावर टाकला तर रेघ सपाट राहते. दुसऱ्या नळीतला टाकला तर ती नेहमीसारखीच चढते. तिसरी पायरी विद्यार्थी बहुधा विसरतात आणि खरे तर तीच निर्णायक आहे. तयार ब्रॅडिकायनिनमध्ये अवरोधक मिसळून तो द्रव आतड्यावर टाकला, तरी रेघ तितकीच चढते. अवरोधक कात्रीला धरतो. कापून झालेल्या तुकड्याला तो काहीच करत नाही.

आतड्याऐवजी रक्तवाहिनीचे कडे घेतले, उदाहरणार्थ डुकराच्या हृदयधमनीचे, तर चित्र उलटे दिसते. आधी दुसऱ्या एखाद्या औषधाने आवळलेले ते कडे ब्रॅडिकायनिनने सैलावते. मात्र आतले नाजूक अस्तर काडीने घासून काढले असेल, तर हे सैलावणे नाहीसे होते. अवरोधकाचा नियम इथेही बदलत नाही. ब्रॅडिकायनिन नळीत तयार होत असेल, तरच अवरोधकामुळे फरक पडतो.

या गुणाचा उपयोग संशोधकांनी भरपूर करून घेतला आहे. काचेला लागताच रक्तात कॅलिक्रेइन जागे होते, आणि मग रुग्णाच्या शरीरात नसलेला ब्रॅडिकायनिन नमुन्याच्या नळीत तयार होऊन बसतो. अशा वेळी योग्य अवरोधक नळीत आधीच घातलेला नसेल, तर त्या मोजणीला अर्थ उरत नाही. मक्याच्या दाण्यातला ट्रिप्सिन-अवरोधक याहून निवडक आहे. तो घटक-१२ च्या जागृत रूपाला पकडतो आणि कॅलिक्रेइनला सोडून देतो, म्हणून रक्त गोठण्याच्या चाचण्यांत त्याला मान आहे.

साताऱ्याच्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्यांच्या शहरात 1 मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो. त्या गुलमोहराच्या लांब, चपट्या शेंगांतील बियांमध्येही कुनिट्झ घराण्यातला एक अवरोधक सापडला आहे आणि तोही मानवी रक्तद्रवातील कॅलिक्रेइनला रोखतो. कांचन आणि आपटा ज्या बाउहिनिया प्रजातीतले आहेत, त्या प्रजातीच्या काही ब्राझिली जातींच्या बियांवरही असे पुष्कळ काम झाले आहे. हे वाचून कोणी गुलमोहराच्या बिया कुटून खाऊ नयेत. नळीतला गुण म्हणजे पोटात घेण्याचे औषध नव्हे.

तो का नव्हे, हेच आता सोयाबीनबाबत पाहू. चमचाभर कच्चे पीठ पोटात गेले, की त्यातील अवरोधकाला सर्वांत आधी भेटते ते लहान आतड्यातले ट्रिप्सिन, आणि तेही मुबलक. अवरोधक तिथेच गुंतून पडतो. 20 हजार डाल्टनच्या आसपास रेणुभार असलेले हे प्रथिन आतड्याची भिंत ओलांडून रक्तात कॅलिक्रेइनला रोखण्याइतक्या प्रमाणात पोचेल, असे धरण्यास आधार नाही. शिवाय रक्तात कॅलिक्रेइनवर पहारा ठेवणारी शरीराची स्वतःची प्रथिने आधीपासूनच आहेत. त्यांत सी-१ अवरोधक आणि अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन ही प्रमुख. या पहाऱ्याचे महत्त्व किती, ते ज्यांच्यात सी-१ अवरोधक जन्मतः कमी असतो त्या रुग्णांत दिसते. त्यांना ओठ, चेहरा, आतडी आणि कधी घशाला सूज येण्याचे झटके येतात. त्यांच्यासाठी रक्तद्रवातील कॅलिक्रेइनला रोखणारी औषधे निघाली आहेत आणि ती उपयोगी पडतात. त्यांतले एकॅलँटाइड अमेरिकेत 2009 मध्ये मंजूर झाले. तेही ‘कुनिट्झ’ नावाच्याच घडणीवर बेतलेले प्रथिन आहे, पण ती घडण प्राण्यांच्या प्रथिनांतली आहे. सोयाबीनच्या कुनिट्झ प्रथिनाशी तिचे केवळ नाव जुळते. हे औषध पोटातून देत नाहीत, त्वचेखाली टोचतात, आणि टोचल्यावरही काही रुग्णांत तीव्र ॲलर्जी उद्भवते म्हणून डॉक्टरांच्या नजरेखालीच देतात.

पोटातून गेलेल्या कच्च्या सोयाबीनचा परिणाम होतो तो पचनावर. ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी 1917 मध्येच दाखवले, की शिजवलेल्या सोयाबीनवर उंदीर चांगले वाढतात आणि कच्च्यावर वाढत नाहीत. ट्रिप्सिन अडकून पडले की स्वादुपिंडाला अधिक विकर तयार करण्याचा इशारा जातो. उंदीर आणि कोंबडीची पिल्ले यांच्यात त्यामुळे स्वादुपिंड फुगतेसुद्धा. आपल्या भागातील पोल्ट्रीवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. सोया डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, नीट भाजली गेली आहे की नाही हे युरिएझ या सोयाबीनमधल्याच विकराच्या चाचणीवरून पाहतात, ते याचसाठी. युरिएझ उष्णतेने मेले असेल, तर ट्रिप्सिन-अवरोधकही बव्हंशी निकामी झाला असे त्यावरून धरता येते. तेव्हा आईंना कच्चे पीठ दिल्याने खोकला जाणार नाही. पोट फुगणे, जडपणा आणि प्रथिने वाया जाणे एवढेच पदरात पडेल.

मुळात हा खोकला ब्रॅडिकायनिन जास्त तयार झाल्यामुळे आलेलाच नाही. ब्रॅडिकायनिन तुटत नाही, साचून राहतो, आणि एसीईच तोडत असलेला सबस्टन्स-पी हा दुसरा पेप्टाइडही श्वासनलिकेच्या अस्तरात त्याच्यासोबत साचतो. त्यामुळे खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया हळवी होते, अशी आजची समजूत आहे. ऊतींत ब्रॅडिकायनिन घडवण्यात ज्याचा मोठा वाटा आहे, त्या ऊतींच्या कॅलिक्रेइनला सोयाबीनचा अवरोधक हात लावत नाही, हे वर आलेच आहे. म्हणजे तो अवरोधक कसाबसा रक्तात पोचला असे मानले, तरीही हिशेब जुळत नाही.

दुसऱ्या शंकेचे, म्हणजे घरच्या जेवणाने गोळीचा गुण कमी होतो का याचे, उत्तर यातच आले. शिजलेल्या सोयाबीनमधील अवरोधक बहुतांशी निकामी झालेला असतो आणि उरलासुरला आतड्यातच थांबतो. रामिप्रिलचे काम ज्या एसीईवर चालते, तिच्याशी त्याचा संबंध येत नाही. एक उलट दिशेची बातमीही मधूनमधून येते, ती म्हणजे सोयाबीनची प्रथिने पचून तयार होणारे छोटे पेप्टाइड एसीईला रोखतात. प्रयोगशाळेत ते रोखतात आणि उच्च रक्तदाबाच्या उंदरांत दाब उतरलाही आहे. माणसांत मात्र अशा अन्नजन्य पेप्टाइडांचा परिणाम बेताचा आणि विसंगत आढळतो. त्याच्या भरवशावर गोळी कमी करणे मला मान्य नाही.

रामिप्रिल घेणाऱ्या व्यक्तीच्या आहारात मला काळजी वाटते ती पोटॅशियमची. एसीई रोखली की मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवते. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल आणि अशी व्यक्ती भरपूर कडधान्य खात असेल, किंवा ‘कमी सोडियमचे’ म्हणून पोटॅशियमयुक्त मीठ वापरत असेल, तर रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि पोटॅशियम तपासून घेणे, हे सोयाबीनच्या अवरोधकाची चिंता करण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रक्तदाबाच्या औषधाचा गुण खरोखर कमी करतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. त्याविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते.

आता खोकल्याचे काय करायचे ते सांगतो. गोळी परस्पर बंद करू नका, पण खोकला सहन करतही बसू नका. ज्यांनी गोळी लिहून दिली त्या डॉक्टरांना नेमके सांगा, की खोकला गोळीनंतर सुरू झाला, कोरडा आहे, घशात खवखव होते, ताप नाही आणि बेडका पडत नाही. ते आधी क्षय, दमा आणि हृदयविकार यांची शक्यता तपासतील, कारण प्रत्येक खोकल्याचे खापर रामिप्रिलवर फोडणेही बरोबर नाही. खोकला गोळीचाच ठरला, तर टेल्मिसार्टनसारखे ‘सार्टन’ गटातील औषध हा सरळ पर्याय आहे. ते अँजिओटेन्सिनचा ग्राही अडवते, एसीईला हात लावत नाही. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑनटार्गेट या 25 हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत खोकल्यामुळे औषध सोडावे लागलेल्यांचे प्रमाण रामिप्रिलच्या गटात 4.2 टक्के आणि टेल्मिसार्टनच्या गटात 1.1 टक्का होते, आणि हृदयाच्या संरक्षणात टेल्मिसार्टन कमी पडले नाही. गोळी बदलल्यावर खोकला दुसऱ्या दिवशी थांबत नाही. बहुतेकांत एक ते चार आठवडे लागतात, काहींना त्याहून अधिक.

एक लक्षण मात्र थांबून पाहण्याचे नाही. रामिप्रिल चालू असताना ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला, आवाज बदलला, गिळताना अडले, तर तो ब्रॅडिकायनिनमुळे येणारा अँजिओएडेमा असू शकतो. गोळी अनेक महिने विनातक्रार चालल्यावरही तो उद्भवू शकतो. पित्त उठल्यावर घ्यायच्या सेटिरिझिनसारख्या गोळ्या आणि स्टिरॉइडची इंजेक्शने यांचा या सुजेवर फारसा उपयोग होत नाही, कारण ती हिस्टामीनमुळे आलेली नसते. श्वासमार्ग सांभाळण्याची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे आणि त्या गटातील गोळी पुन्हा कधीही घेऊ नये. आईंना मधुमेहासाठी व्हिल्डाग्लिप्टिनसारखी ‘ग्लिप्टिन’ गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण एसीई-अवरोधकासोबत ती घेतल्यास या सुजेचा धोका वाढतो.

राहिला प्रश्न दळणाचा. सोयाबीन खाण्यास माझी हरकत नाही, कच्चे दळण्यास आहे. गव्हात कच्चे सोयाबीन मिसळून दळले, की पोळी तव्यावर जेमतेम मिनिट-दोन मिनिटे राहते आणि कोरड्या आचेने अवरोधक पुरता निकामी होत नाही. त्याला ओली उष्णता लागते. सोयाबीन रात्रभर भिजत घाला, सकाळी ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात वीसएक मिनिटे चांगले उकळा, कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि मगच गिरणीत न्या. हुलगा भिजवून मोड आणून शिजवला किंवा शेंगोळ्या रश्शात नीट उकळल्या, तर पुरेसे आहे. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा मात्र कधीही अर्धाकच्चा ठेवू नका. त्यातील लेक्टिन हे प्रथिन अवरोधकाहून अधिक त्रासदायक आहे. मंद आचेवर कोमट पाण्यात तो तासन्तास ठेवून भागत नाही, खळखळून उकळावाच लागतो.

आईंची रामिप्रिलची मात्रा, क्रिॲटिनिनचा शेवटचा अहवाल आणि सोबतच्या सर्व गोळ्यांची पाकिटे घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. दुखण्यावरच्या आणि दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही त्यांत असू द्या.